पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची

हे प्रकरण लिहायचं मी खूप दिवस टाळलं, कारण यात माझी चूक मोठी आहे आणि ती गाळून लिहायचं तर मग कशाला लिहायचं. पोराच्या आईबाबांना विचारलंय, त्यालाही विचारलंय. त्याने दोन अटी घातल्या. नाव द्यायचं नाही, आणि कूलरच्या पंपाचे वॅट चुकवायचे नाहीत. तर तो पंप १८ वॅटचा होता, आधीच सांगून टाकते.

घरी धाकट्या बहिणीमुळे त्याला दादू म्हणतात, मीही तेच म्हणेन. ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. मी नागपुरात मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे आला तेव्हा दादू साडेतेरा वर्षांचा, आठवीत, सेमी इंग्लिश. घर मानेवाड्याकडे, बाबा हिंगण्याला एमआयडीसीत शिफ्टमध्ये, आई घरूनच फॉल-पिको आणि ब्लाउज करते, आजी आहे, बहीण दुसरीत.

सहा वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑटिझम स्पेक्ट्रम, म्हणजे स्वमग्नता, म्हणून सांगितलं होतं. दीड-दोन वर्षं स्पीच थेरपी झाली, पोरगा बोलायला लागला, मार्क बरे यायला लागले, आणि मग ती फाइल जी कपाटावर गेली ती गेलीच. दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढलं नाही. आजीचं म्हणणं होतं की कागदावर एकदा लिहिलं की पुसता येत नाही. शाळेलाही स्पष्ट काही सांगितलं नव्हतं, "थोडा शांत आहे, आवाजाचा त्रास होतो" एवढंच. हे चूक की बरोबर यावर मी त्यांना कधी बोलले नाही, कारण सांगितल्यावर शाळा काय करतात तेही मी पाहिलेलं आहे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. जुलै-ऑगस्ट ठीक गेले. पोळ्यानंतर सोमवारी पोट दुखायला लागलं. मग सोमवार-मंगळवार, मग रविवारी संध्याकाळपासूनच. रविवारी सकाळी बाबांसोबत तर्री पोहे खायला जायचं हा या घरातला पक्का नेम, त्याने तोही बंद केला, का तर पोहे खाल्ले की रविवार सुरू होतो आणि रविवार सुरू झाला की संपतो. सोनोग्राफी नॉर्मल, पोटाच्या गोळ्या झाल्या, दोनदा लघवीत इन्फेक्शन निघालं, दोन्ही वेळा अँटिबायोटिकचा कोर्स. दिवाळीनंतर तो शाळेत गेलाच नाही. सकाळी साडेसहाला व्हॅनचा हॉर्न वाजला की बाथरूमला आतून कडी. नोव्हेंबरच्या शेवटी माझ्याकडे आले तेव्हा एकूण ३४ दिवसांची गैरहजेरी झाली होती.

लघवीचे ते दोन रिपोर्ट मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. फाइलीत होते, पान उलटलं, पुढे गेले.

आता माझी चूक. शाळा टाळणाऱ्या मुलांसाठी आम्ही लोक ख्रिस्तोफर कर्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची मांडणी भरपूर वापरतो. मूल शाळा टाळतं त्यातून त्याला काय मिळतं हे आधी शोधायचं. शाळेतल्या गोष्टींनी होणारी घालमेल टळते का, चारचौघांत किंवा परीक्षेत उघडं पडणं टळतं का, घरच्यांचं लक्ष मिळतं का, की शाळेबाहेर जास्त मजेचं काही आहे. मी आईला विचारलं, त्याला विचारलं, क्लास टीचरशी फोनवर बोलले. त्याला मी नीट शब्दांत विचारलं होतं, "शाळेत कोणी त्रास देतं का?" नाही म्हणाला. "कोणी मारतं का?" नाही. क्लास टीचर म्हणाल्या की तो मिक्सच होत नाही, एकटाच असतो, बाकी वर्ग चांगला आहे. झालं. मी लिहून टाकलं की आवाज-गर्दीचा त्रास, त्यात घरी मोबाइल मिळतो म्हणून घरी राहणं सोयीचं झालंय. ऑटिझम आहे, आठवीचा वर्ग ६० पोरांचा आहे, पटण्यासारखंच होतं सगळं.

मग शिडी बनवली. पहिले दोन दिवस फक्त गेटपर्यंत, मग प्रार्थनेला, मग एक तास, मग दोन, सोबत चार्ट आणि स्टार. हे काम करतं बरं का, खरंच करतं, पण भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी झालेली असेल तेव्हा. शाळेत त्याच्यासाठी खरंच काही धोकादायक असेल तर शिडी म्हणजे काय, मी त्याला हप्त्याहप्त्याने तिथे परत पाठवत होते आणि वर स्टार देत होते.

चौथ्या दिवशी व्हॅनमध्ये त्याने स्वतःचा हात चावला, मनगटाच्या वर, रक्त येईस्तोवर. डिसेंबर होता, हिवाळी अधिवेशन सुरू, बॅरिकेडिंगमुळे व्हॅनवाले काका दुसऱ्याच रस्त्याने गेले होते. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: "रूट बदलल्यामुळे मेल्टडाउन. पुढच्या वेळी आधी नकाशा दाखवणे." ही नोंद मी नंतर बऱ्याचदा वाचली. त्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर दोन पोरं एक ताल गुणगुणत होती, ते मला जानेवारीत कळलं. काकांना वाटलं गाणं म्हणताहेत.

यासाठी आमच्याकडे एक जडसं नाव आहे, डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग. म्हणजे निदानाची सावली एवढी मोठी पडते की तिच्याखाली दुसरं काही दिसतच नाही. दादूचं जे काही होईल त्याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. पोट दुखतं, ऑटिझममध्ये पोटाचे त्रास असतात. हात चावला, रूटीन बदललं. एकटा बसतो, ते तर असतंच. साध्या पोराने हात चावला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते, इथे एकही विचारला नाही कारण उत्तर छापील होतं.

त्यानंतर दोन सेशन तो माझ्याशी बोलला नाही. यायचा, खुर्ची भिंतीकडे वळवायचा. मला ते लागलं, खरं सांगते, पण त्यामुळेच मी प्रश्न विचारायचे बंद केले. आलेख कागदाचे तीन मोठे ताव टेबलवर ठेवले आणि म्हटलं, मी तुझी शाळा कधी पाहिली नाही, मला काढून दे. स्केल हवी का विचारलं तर म्हणाला, "एक चौकोन म्हणजे एक पाऊल." बस.

तीन बैठका लागल्या त्याला. गेट, सायकल स्टँड, कडुनिंबाचं झाड आणि त्याचा पार, स्टाफ रूम, जिना, जिन्याला १९ पायऱ्या, वर्गात बेंच, कोणत्या बेंचची फळी हलते, सात पंख्यांपैकी कोणता लचकतो आणि कोणत्याची बेअरिंग गेलीय. त्याच्या आवाजावरून. शाळेच्या मेंटेनन्सवाल्याला द्यावा असा नकाशा होता. मी बराच वेळ बघत बसले आणि मग सहज विचारलं, टॉयलेट कुठंय रे?

"माझ्या शाळेत नाही."

"शाळेत टॉयलेट नाही?"

"शाळेत आहे. माझ्या शाळेत नाही."

"मग तू सू कुठे करतो?"

"घरी. एक पन्नासला."

शाळा सकाळी सात दहाची. मी हळूच विचारलं, आणि पाणी?

"पाणी पेलं की सू येते."

आई बाजूच्या खुर्चीवर होती. ती म्हणाली, "मॅडम, बाटली तं रोज भरलेलीच येते वापस. मले वाटे थंडी आहे, पेत नसन." मग तिलाच काहीतरी आठवलं आणि गप्प झाली. पोळा भर पावसाळी उकाड्यात असतो, तेव्हा कुठली थंडी.

सात-सात तास पाणी न पिता, लघवी धरून बसलेला पोरगा. पोटदुखी खोटी नव्हती, इन्फेक्शन खोटं नव्हतं, आणि दोन्हीचं कारण शाळेच्या एका पॅसेजमध्ये होतं.

पुढचं मी वेळापत्रकासारखं विचारलं, कारण तसं विचारलं की तो उत्तरं देतो. दहा पाचला तू कुठे? दहा सातला? पॅसेजमध्ये डाव्या बाजूला कोण? त्याने रेल्वेची उद्घोषणा द्यावी तसं सांगितलं. त्यातून जे जमलं ते असं.

दादूला मारबतीची भयंकर आवड. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मूर्ती आणि सोबत बडगे, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार असल्या गोष्टींचे पुतळे. रोगराई, ईडापीडा सगळं घेऊन जा म्हणून लोक ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. दादूला यातलं सगळं पाठ. पिवळी १८८५ पासूनची, कोणती कुठून निघते, कुठल्या चौकात दोघी भेटतात. आठवीत नवीन तुकडीत आल्यावर दोन पोरं त्याचं हे ऐकून घ्यायची, त्याला वाटलं मित्र मिळाले. आईने मला सांगितलं की त्या जुलैत तो खूप खूश होता, पहिल्यांदाच घरी येऊन कोणाची तरी नावं घ्यायचा.

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी त्याच दोघांनी आणि अजून दोघांनी टॉयलेटच्या पॅसेजमध्ये त्याच्या गळ्यात वहीच्या कागदांची माळ घातली, पाठीवर "बडग्या" चिकटवलं आणि बेंच बडवतात तशा भिंती बडवत, "घेऊन जा गे मारबत" म्हणत त्याला वर्गापर्यंत आणलं. तो कान दाबून चालला. त्या कान दाबलेल्या फोटोचं स्टिकर झालं, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलं. मग ते रोजचं झालं. ओरडायची गरजही राहिली नाही, नुसता ताल वाजवला की पुरे, बोटांनी बेंचवर टक टक-टक. टीचर समोर असताना पण. टीचरला काय कळणार, कोणीतरी बेंच वाजवतंय.

अजून एक प्रकार होता. ते त्याला निरोप द्यायचे, "जा, बाईंना सांग तुमचा तास बोर होतो." तो जाऊन सांगायचा, कारण खरंच होतो. उद्धट म्हणून डायरीत शेरा. असे तीन शेरे होते आणि घरी बाबा त्यावरून रागावले होते.

मी विचारलं, तू आधी सांगितलं का नाही. वाईट प्रश्न होता, तोंडातून गेला. तो म्हणाला, "तुम्ही विचारलं होतं मारतात का. मारत नाहीत." आणि त्रास? "त्रास म्हणजे पोटात दुखते तो. तो कोणी देत नाही, तो होतो."

डॅन ओल्वेअस नावाचे संशोधक, शाळेतल्या बुलिंगचा अभ्यास जगात ज्यांच्यापासून नीट सुरू झाला असं मानतात, त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. जाणूनबुजून केलेलं, पुन्हापुन्हा होणारं, आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसणं. यात मारणं कुठेच अट नाही. बेंचवरची टकटक तिन्हींत बसते. आणि हे काही दादूचं एकट्याचं नाही. २०१६ साली वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले होते, त्यात ऑटिझम असलेल्या शाळकरी मुलांपैकी साधारण ४४ टक्के बुलिंग सोसणारी निघाली. नॉर्वेत २०१७ च्या एका अभ्यासात ९ ते १६ वयाच्या मुलांचे शाळेचे २० दिवस पाहिले, शाळा टाळण्याचं वागणं ऑटिझमवाल्या मुलांत जवळपास ४३ टक्के आणि बाकीच्यांत ७ टक्के. हे दोन्ही आकडे मला माहीत होते बरं का, दादू येण्याआधीपासून माहीत होते, कार्यशाळेत मी ते स्लाइडवर दाखवते.

घरी सांगितलं तेव्हा आई रडली, आजीने चौघांच्या सात पिढ्या काढल्या, बाबा मात्र वेगळंच बोलले. "मॅडम, आमाले पण चिडवत. मले चष्मिश चष्मिश करत. आम्ही काय घरी बसलो? आज घरी बसन तं उद्या कंपनीत कसा टिकन?" त्यांनी कराटेच्या क्लासची चौकशीही करून ठेवली होती. हे मी खूप बापांकडून ऐकते आणि मला राग येत नाही, भीती वाटते त्यांना, दुसरं काही नाही. मी एवढंच विचारलं, तुम्हाला चिडवायचे तेव्हा शाळेतून घरी कोणासोबत यायचे?

"होते ना, चार जण. सायकलीवर."

"दादूचे चार कोण?"

ते काही बोलले नाहीत. अॅन मास्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हेच लिहिलंय की संकटातून तरून जाणाऱ्या मुलांत काही अद्भुत शक्ती नसते, त्यांच्याभोवती साध्यासुध्या गोष्टी शाबूत असतात. भरवशाचं एक मोठं माणूस, एखादा दोस्त, आपल्याला जमतं असं एखादं काम. बाबांच्या चार सायकली म्हणजे ते. पोराला कणखर करा कणखर करा म्हणताना त्या सायकली कोणी मोजत नाही.

दादूकडे एक सायकल होती, ती मला नंतर दिसली. गल्लीच्या टोकाला कूलर-मोटरचं दुकान आहे. उन्हाळ्यात तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते, थंडीत मोटर वाइंडिंग आणि जुने पंप चालतात. दादू रोज संध्याकाळी तिथे बसायचा. मी एकदा आईसोबत गेले. मिस्त्री साठीचे असतील, तोंडात खर्रा. त्यांनी दादूकडे न बघता टबाकडे बोट केलं, "अठरा वॅटवाला पाहून घे, इम्पेलर जाम आहे का वायर गेली." एकच काम, स्पष्ट सांगितलेलं, टोमणा नाही, नजर नाही. दादूने पंप उघडला, आतून केसांचा आणि गवताचा गुंता काढला, पाण्यात सोडून कान लावला, म्हणाला, "बुश झिजली." मिस्त्री म्हणाले, "मंग टाक नवी." तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी दादू पाच मिनिटं बोलला. पैसे किती, केव्हा मिळेल, मोटर गरम का होते. शाळेच्या रिपोर्टमध्ये ज्याचं "संवाद कौशल्य कमी" लिहिलंय तो हाच.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, त्यांनी २०१२ मध्ये दुहेरी सहानुभूतीची अडचण म्हणून मांडलंय की समजून घेण्याची गडबड एका बाजूची नसते. ऑटिस्टिक माणसाला बाकीचे कळत नाहीत तसं बाकीच्यांनाही तो कळत नाही, पण थेरपीला एकालाच पाठवतात. मिस्त्रींना हे कोणी शिकवलं नव्हतं. मी निघताना ते म्हणाले, "पोट्टं एक नंबर आहे. फक्त घाई नाही कराची त्याची."

संक्रांतीनंतर शाळेत मीटिंग झाली. शाळेचं नाव देत नाही. मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या, दमलेल्या होत्या. पहिल्यांदा तेच ऐकलं जे ऐकायची तयारी करून गेले होते. पोरं मस्ती करतात, टाळी एका हाताने वाजत नाही, याने पण थोडं मिसळायला पाहिजे, स्पेशल शाळा पाहिलीत का. मी नकाशा टेबलवर पसरला. पॅसेजच्या चौकोनांवर दादूने वेळा लिहिल्या होत्या, कोण कुठे उभा राहतो ते आद्याक्षरांनी. मुख्याध्यापिका चष्मा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तिसरा पंखा खरंच आवाज करतो." तिथून बोलणं जरा माणसांसारखं झालं.

कायदा मी पत्रात लिहून नेला होता, तोंडी भांडले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि कलम १६ प्रमाणे शाळेने गरजेनुसार सोयी करून द्यायच्या असतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७, मुलाला मानसिक त्रासही द्यायचा नाही. बाबांना कुठूनतरी कलम ९२ कळलं होतं, दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित केलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद, आणि ते पोलिसात जाऊ म्हणत होते. तेरा वर्षांच्या पोरांवर? मी त्यांना थांबवलं. आई मात्र तेव्हा ठाम झाली, कपाटावरची फाइल खाली आली आणि सर्टिफिकेटची प्रक्रिया सुरू झाली. आयसा नावाची ४० प्रश्नांची भारतीय चाचणी असते, ७० च्या वर स्कोअर गेला की ऑटिझम धरतात आणि १०६ पर्यंत सौम्य. दादूचा ८४ आला. आजी म्हणाली सौम्य आहे तं मंग एवढं काऊन. सौम्य हा शब्द बाहेरून बघणाऱ्यासाठी असतो आजी, असं मी म्हणाले, तिला पटलं नाही.

शाळेने सगळ्यात आधी काय केलं असेल तर चौघांना बोलावून सगळ्या वर्गासमोर सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले आणि फोटो काढला. दादूला त्यासाठी खास बोलावून घेतलं होतं. मला नंतर कळलं, नाहीतर मी पायात पडले असते पण होऊ दिलं नसतं. त्याने तिथेच विचारलं, "सॉरी म्हणजे आता बंद का?" वर्ग हसला. त्यानंतर दहा दिवस पुन्हा शाळा नाही, बाथरूमची कडी.

मग दुसरी मीटिंग. यावेळी मी एकच गोष्ट धरून बसले, पॅसेज. ओल्वेअसच्या कार्यक्रमातसुद्धा मधल्या सुट्टीत मोठ्या माणसांनी नेमक्या जागी उभं राहणं हा पाया आहे, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. आपल्याकडे मधली सुट्टी म्हणजे शिक्षकांचीही सुट्टी, चहा, डबे, वह्यांचे गठ्ठे, कोणालाच दोष देता येत नाही. पीटीचे एक सर म्हणाले, मी उभा राहतो. दहा ते दहा वीस, रोज, टॉयलेटच्या दारासमोर, चहाचा कप घेऊन. दादूला सुट्टीच्या पाच मिनिटं आधी जायची मुभा. व्हॅन बंद, सकाळी बाबा नाहीतर आई सोडणार, तेही तिसऱ्या तासाला, प्रार्थना नाही. वर्गाच्या ग्रुपवरून स्टिकर डिलीट करायला लावले, ते किती जणांच्या फोनमध्ये राहिले देव जाणे. परीक्षेला तासाला वीस मिनिटं जास्त वेळ आणि वेगळी खोली, ती सोय नियमातच आहे, फक्त मागावी लागते. सुट्टीत लायब्ररीत बसू द्या असं शाळेनेच सुचवलं, दादूला आवडलंही, पण मला ते अजून टोचतं. त्रास झाला त्याने खोलीत बसायचं आणि मैदान चौघांचं.

चौघांशी शाळेच्या समुपदेशक एकेकट्याने बोलल्या, एकत्र नाही. त्यातला एक, जुलैत मारबतीच्या गोष्टी ऐकायचा तो, म्हणाला की मला ते थांबवायचं होतं पण मग माझं नाव पडलं असतं. त्याला आधीच्या शाळेत "फुग्या" म्हणायचे. हे ऐकून मी दादूला सांगितलं नाही. का सांगायचं, माफ करण्याचं कामही त्यानेच करायचं का?

फेब्रुवारीत दोन तास, मार्चमध्ये चार. सगळं सुरळीत नव्हतं, होळीनंतर एक अख्खा आठवडा गेला, कारण कोणीतरी डबा वाजवला होता आणि तो डबाच होता, त्यात काही नव्हतं, पण त्याच्या अंगाला आता ते वेगळं ओळखता येत नाही. वार्षिक परीक्षा दिली. चार्ट आणि स्टार मी फेकून दिले. त्याऐवजी आईने एक सवय सुरू केली, मी सांगितलेली नव्हती. दुपारी दादू घरी आला की बाटली उजेडात धरून बघायची आणि मला मेसेज करायचा. "आज पाव कमी." "आज अर्धी." एप्रिलच्या एका दिवशी, ४३ डिग्री होतं, "आज रिकामी, वरून कॅनचं पण पेला म्हणते." तिच्या त्या मेसेजखाली नाचणारी बाहुली होती.

यंदा तो नववीत आहे. पूर्ण वेळ जातो, प्रार्थना सोडून. पीटीचे सर पॅसेजमध्ये अजून उभे राहतात. मिस्त्रींनी उन्हाळ्यात त्याला १२०० रुपये दिले, त्यातून त्याने बहिणीसाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घेतला. मारबत बघायला मात्र गेला नाही. दरवर्षी बाबांच्या खांद्यावर, मग बाबांसोबत चालत जायचा, यंदा बाबांनी तीनदा विचारलं, सकाळी पंखा फुल करून झोपून राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेला. दुपारी आईचा मेसेज आला, "आज पूर्ण भरलेली." मी पीटीच्या सरांना फोन लावला. ते त्या दिवशी रजेवर होते.